छोट्या कुत्र्याला लिव्हर शंट निघालाय? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

पिंगी आमची यॉर्की (यॉर्कशायर टेरियर), सव्वा वर्षाची झाली तरी वजन २.३ किलोच्या पुढे सरकत नव्हतं. खायचे नखरे, आणि खाल्लं की तास-दीड तासाने एकदम गप्प व्हायची, मग कोपऱ्यात जाऊन कपाळ भिंतीला टेकवून नुसती उभी. आम्ही काय करायचो, तर त्याचे व्हिडिओ काढून हसायचो, "बघ शिक्षा झालीये हिला" वगैरे. आता सांगायलाही लाज वाटते. पुढे नसबंदीच्या आधी म्हणून रक्त तपासलं तर युरिया कमी, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रोटीन) कमी, कोलेस्टेरॉल कमी, आणि डॉक्टरांनी भूल द्यायची थांबवून विचारलं, ही जेवल्यावर कधी विचित्र वागते का हो? मी फोन काढून ते व्हिडिओ दाखवले आणि त्यांचा चेहराच बदलला.

त्यानंतरच्या वर्षभरात जे कळलं, थोडं डॉक्टरांकडून, थोडं ठेचा खाऊन, ते क्रमाने लिहितेय. औषधांचे डोस मुद्दाम देत नाहीये कारण २ किलोच्या जिवात अर्धा मिली इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

सगळ्यात आधी, हे आहे तरी काय

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं पथ्य, औषध, सर्जरी सगळं यावरच उभं आहे. पोट, आतडी, प्लीहा, स्वादुपिंड इथून येणारं रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होतं, तिला पोर्टल व्हेन म्हणतात, आणि ती शीर थेट लिव्हरमध्ये जाते. म्हणजे जे काही खाल्लं ते आधी लिव्हरच्या हाताखालून जाणार, गाळलं जाणार, आणि मगच हृदयाकडे. शंट म्हणजे या शिरेतून फुटलेली चोरवाट. रक्त लिव्हरला टाळून परस्पर मोठ्या शिरेत जातं आणि तिथून सगळीकडे, मेंदूतही.

आतड्यातले जंतू प्रोटीन फोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. एरवी लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीतून निघून जातो. इथे अमोनिया लिव्हरपर्यंत पोचतच नाही, म्हणून रक्तात युरिया कमी आणि अमोनिया जास्त. भिंतीला डोकं लावणं, गोल गोल फिरणं, एकटक बघत राहणं, मधेच काही न दिसल्यासारखं करणं, आकडी येणं हे त्याचंच (एकट्या अमोनियाचं नाही, बाकीची विषारी द्रव्यं पण असतात, पण धरून चालू की मुख्य गुन्हेगार तो).

आणि जी गोष्ट मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती ती ही: जन्मजात शंटमध्ये लिव्हर आजारी नसतं, उपाशी असतं. पोर्टल रक्तातून इन्सुलिनसारखी जी खुराकाची द्रव्यं यायला हवीत ती येत नाहीत म्हणून ते वाढतच नाही, छोटंच राहतं. त्याला रक्त परत मिळालं तर ते पुन्हा वाढू शकतं. मी पहिले चार दिवस लिव्हर खराब झालं, लिव्हर गेलं म्हणून रडत होते, ते चुकीच्या गोष्टीसाठी.

एक गंमत सांगते. १८७७ मध्ये निकोलाय एक (आडनावच तसं आहे) या रशियन सर्जनने कुत्र्यांमध्ये मुद्दाम ऑपरेशन करून अशी वाट जोडली होती, आणि १८९३ मध्ये पावलोव्ह, हो तोच कुत्र्यांच्या लाळेच्या प्रयोगांवाला, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं की अशा कुत्र्यांना मांस खायला दिलं की ती बिघडतात. म्हणजे पथ्याचं मूळ सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

कुठला शंट आहे ते विचारा

फोनवर नुसतं "शंट आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. छोट्या जातींत, यॉर्की, माल्टीज, शिह त्झू, पग, मिनिएचर श्नॉझर, डॅशहुंड वगैरे, बहुतेक वेळा जन्मजात आणि लिव्हरच्या बाहेरची एकच चोरवाट असते. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, सर्जनला सापडतो आणि बंद करता येतो. लिव्हरच्या आतला शंट जास्त करून मोठ्या जातींत, आणि तो अवघड.

तिसरा प्रकार म्हणजे नंतर तयार झालेले शंट. लिव्हर खरोखरच खराब होऊन कडक झालं की पोर्टल शिरेतलं प्रेशर वाढतं आणि शरीर स्वतःच बारीक बारीक खूप वाटा काढतं. त्या बंद करायच्या नसतात, त्याच प्रेशर सोडतायत. इथे मूळ आजारावरच उपचार करतात.

आणि एक जुळा भाऊ आहे, मायक्रोव्हॅस्क्युलर डिसप्लेझिया. यात मोठी चोरवाट नसते, लिव्हरच्या आतल्या अगदी बारीक नसांमध्येच गडबड असते, रक्ताचे रिपोर्ट शंटसारखेच येऊ शकतात पण सहसा सौम्य, आणि बऱ्याच कुत्र्यांना आयुष्यभर काही त्रासही होत नाही. यात सर्जरी नाहीच. आणि हे पण त्याच छोट्या जातींत, म्हणून घोळ होतो. प्रोटीन सी नावाची एक रक्ताची टेस्ट आहे, शंटमध्ये ती बहुधा कमी येते आणि या प्रकारात बहुधा नॉर्मल, तर डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

टेस्ट, आणि त्यातल्या खाचाखोचा

बाइल अ‍ॅसिड (पित्तातली आम्लं, जी एरवी लिव्हर रक्तातून परत ओढून घेतं) ही मुख्य टेस्ट. साधारण १२ तास उपाशी ठेवून एकदा रक्त घेतात, मग थोडं खायला घालतात आणि २ तासांनी परत. जेवणानंतरचा आकडा बऱ्याच लॅबमध्ये २५-३० पर्यंत ठीक धरतात, शंटमध्ये तो अनेकदा १०० च्या वर जातो. पिल्लू अगदीच लहान असेल तर १२ तास उपाशी ठेवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, या पिल्लांची साखर पटकन खाली येते. आणि माल्टीजवाल्यांनी लक्षात ठेवा, या जातीत ठणठणीत कुत्र्यांचेही बाइल अ‍ॅसिड वाढलेले दिसू शकतात, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर शंट आहे म्हणून मोकळं होऊ नका.

अमोनियाची टेस्ट ऐकायला सोपी, पण सॅम्पल बर्फावर ठेवून लगेच मशीनवर लावावं लागतं, नाहीतर आकडा खोटा वाढतो. दुसऱ्या लॅबला पाठवणार असतील तर तिचा फार उपयोग नाही. आणि नॉर्मल आला तरी शंट नाही असं नाही, अमोनिया दिवसभरात वरखाली होत असतो.

सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून. आमच्या पहिल्या सोनोग्राफीत शंट दिसला नाही आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं हो. नक्की नकाशा मिळतो तो सीटी अँजिओग्राफीत (शिरा दिसाव्यात म्हणून रक्तात औषध सोडून काढलेला सीटी स्कॅन), कुठून फुटलाय, कुठे जाऊन मिळतोय, किती जाड आहे. सर्जरी करायची असेल तर ती बहुतेकदा आधी करून घेतात. सोनोग्राफी करताना मूत्राशय आणि किडनी पण बघून घ्यायला सांगा, कारण या कुत्र्यांना युरेटचे (युरिक अ‍ॅसिडपासून बनणारे) खडे होतात आणि ते साध्या एक्सरेत बहुतेकदा दिसत नाहीत. लघवीत रक्त, सारखं सारखं बसणं, थेंब थेंब शू असं दिसत असेल तर आधीच सांगून ठेवा. नर असेल आणि जोर करूनही शू होतच नसेल तर त्याच क्षणी दवाखाना, खडा अडकलेला असू शकतो.

घरी पहिले दोन-तीन आठवडे

सर्जरी करायची की नाही हा निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यायचाच नसतो. सर्जन पण आधी निदान दोन आठवडे, शक्यतो जास्तच, कुत्र्याला औषधं आणि पथ्यावर स्थिर करून घेतात. म्हणजे घाई करून काही मिळत नाही, आधी अमोनिया खाली आणायचा.

लॅक्टुलोज. आमचं अर्धं आयुष्य या गोड चिकट सिरपमध्ये गेलं. आपल्याला हे बद्धकोष्ठाचं औषध म्हणून माहीत असतं, पण इथे काम वेगळं: आतड्यातले जंतू ते खाऊन आम्ल तयार करतात, त्या आम्लात अमोनियाचं असं रूप होतं की तो रक्तात शिरू शकत नाही, आतड्यातच अडकतो, आणि शीबरोबर बाहेर पडतो. शिवाय शी लवकर पुढे सरकते त्यामुळे जंतूंना वेळच कमी मिळतो. डोस बरोबर आहे की नाही हे शीवरून कळतं, दिवसाला दोन-तीनदा, मऊ पण आकार असलेली हवी. घट्ट गोळ्या पडल्या तर कमी पडतंय, पाण्यासारखी झाली तर जास्त होतंय. जास्त झालं तर चांगलंच असं समजू नका, जुलाबाने पाणी कमी झालं की तेच उलटतं. डोस किती पायरीने वरखाली करायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या म्हणजे रात्री अकराला फोन करावा लागत नाही.

द्यायची पद्धत: सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या, मोठी नको, मोठीत मापच दिसत नाही. तोंड वर करून घशात ओतू नका. ओठाच्या कोपऱ्यातून गाल आणि दातांच्या मधे सिरिंजचं टोक सरकवायचं आणि थेंब थेंब सोडायचं, तिला गिळायला वेळ द्यायचा. पिंगी पहिल्या दिवशी अशी काही मान झटकायची की अर्धं माझ्या चष्म्यावर आणि अर्धं तिच्या दाढीत, आणि यॉर्कीच्या दाढीत लॅक्टुलोज वाळलं की काडी होते काडी. मग मी तिच्या हनुवटीखाली कोमट पाण्याचा ओला रुमाल धरूनच द्यायला लागले, दिलं की लगेच पुसलं. सिरिंज पण लगेच गरम पाण्याने धुवा, नाहीतर दट्ट्या असा घट्ट बसतो की पुढच्या वेळी जोर लावावा लागतो आणि मग एकदम सगळं बाहेर.

सोबत बहुतेकदा अँटिबायोटिक देतात, आतड्यातले अमोनिया करणारे जंतू कमी करायला. मेट्रोनिडॅझोल असेल तर लिव्हरमुळे डोस कमी ठेवतात. ते चालू असताना कुत्रं झोकांड्या खायला लागलं किंवा डोळे आपोआप हलायला लागले तर शंट बिघडला असं गृहीत धरू नका, औषध जास्त झालेलं असू शकतं, लगेच फोन करा. अल्सर होऊ नये म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी काहींना देतात, आकड्या येत असतील तर लेव्हेटिरॅसिटॅम, आणि ते साधं (हळूहळू विरघळणारं नाही असं) असेल तर दर आठ तासांनी म्हणजे दर आठ तासांनी, घड्याळ लावून. आपली सोय बघून सकाळ-दुपार-रात्र असं नाही चालत.

खाणं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात

पहिली चूक मीच केली. प्रोटीन वाईट असं वाचलं आणि प्रोटीन जवळजवळ बंदच केलं. दोन आठवड्यांत पिंगीचा पाठीचा कणा हाताला लागायला लागला. डॉक्टर चांगलेच ओरडले, आणि बरोबरच होतं त्यांचं: स्नायूसुद्धा अमोनिया साफ करायला मदत करतात, स्नायू झडले तर तुम्ही तिचा उरलासुरला आधार काढून घेताय. शिवाय अल्ब्युमिन आधीच कमी. वाढत्या पिल्लाला तर प्रोटीन हवंच. तर प्रोटीन बंद करायचं नाही, बेताचं ठेवायचं आणि सोर्स बदलायचा. लाल मांस आणि लिव्हर-काळीज वगैरे अवयव नकोत, अंडं, कॉटेज चीज, सोया यांचं प्रोटीन या कुत्र्यांना जास्त मानवतं.

सगळ्यात सोपं म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं लिव्हरचं तयार खाणं, त्यात हा हिशोब आधीच केलेला असतो. घरी शिजवायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून रेसिपी घ्या, नुसता भात आणि अंडं असं महिनोन्महिने चालत नाही, कॅल्शियम वगैरे कमी पडतं.

डबे वाचताना एक फसगत होते. ओल्या खाण्याच्या डब्यावर प्रोटीन ८ टक्के दिसतं आणि कोरड्यावर २२, आणि वाटतं ओलं बरं. पण ओल्यात ७५ टक्के पाणीच असतं. पाणी काढून उरतं २५, मग ८ भागिले २५ म्हणजे ३२ टक्के. म्हणजे ओलंच जड निघालं. दोन्ही कोरड्या वजनावर आणून मगच तुलना करा.

दिवसाचं खाणं चार-पाच वेळा थोडं थोडं वाटून द्या. एकदम पोटभर दिलं की एकदम अमोनियाची लाट येते, आणि फार वेळ उपाशी राहिली की साखर पडते. आम्ही झोपायच्या आधी एक छोटा घास ठेवायचो, सकाळची थरथर त्याने बंद झाली.

आणि घरातली माणसं! याच्यावर वेगळा लेख होईल. सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, चघळायची चामड्याची हाडं, लिव्हरचे ट्रीट सगळं घराबाहेर काढा, कपाटात नाही, बाहेर. आमच्याकडे पाहुणे आले होते, त्यांनी प्रेमाने खिशातून ट्रीट काढून दिलं, एवढंसं. तीन तासांनी पिंगी टेबलाच्या पायाभोवती डावीकडूनच फिरत होती, हाक मारली तरी कान हलत नव्हता. तेव्हापासून दारावर कागद लावला, "हिला काहीही देऊ नका, विचारूही नका."

वही घाला

साधी वही. वेळ, काय खाल्लं, औषध, शी कशी, शू, आणि वागणं. वागण्याला मी शून्य ते तीन असे नंबर द्यायचे: शून्य म्हणजे आमची नेहमीची पिंगी, एक म्हणजे जरा मंद, दोन म्हणजे हाकेला ओ नाही किंवा फिरणं, तीन म्हणजे उठतच नाही किंवा आकडी. आठवड्याला वजन (स्वतः तिला घेऊन काट्यावर उभं राहून वजाबाकी करू नका, २ किलोत त्या काट्याची चूकच मोठी असते, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि वर टोपली). या वहीमुळे दोन गोष्टी कळल्या. एक, तिचे वाईट दिवस शी न झालेल्या दिवसानंतर यायचे. बद्धकोष्ठ हे मोठं कारण आहे, तसंच उलट्या-जुलाबाने पाणी कमी होणं, कुठलंही इन्फेक्शन, आणि आतड्यात रक्तस्राव, कारण पोटात गेलेलं रक्त म्हणजे पण प्रोटीनच. डांबरासारखी काळी शी दिसली तर वाट बघू नका. दुसरी गोष्ट, आम्हाला वाटत होतं तिला रोज त्रास होतो, प्रत्यक्षात तीन आठवड्यांनंतर दोनचे दिवस आठवड्यात एकदाच होते. हे आकडे बघून मन बरंच ताळ्यावर येतं.

आकडी आली किंवा उठतच नसेल तर

तोंडात हात घालू नका, जीभ धरायची नसते. जमिनीवर खाली ठेवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, दिवे कमी करा, आणि घड्याळ बघा, कारण आपल्याला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. ५ मिनिटांच्या वर गेली किंवा एका दिवसात दुसरी आली तर सरळ इमर्जन्सी. शुद्धीत नसताना लॅक्टुलोज, पाणी, खाणं काही तोंडात घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. साखर पडली असेल अशी शंका असेल, म्हणजे थरथर, लुळं पडणं, बराच वेळ खाल्लं नव्हतं, तर बोटावर थोडं साखरेचं पाणी घेऊन बाहेरून हिरड्यांना चोळा आणि निघा. आकडी चालू असताना दातांच्या मधे बोट मात्र नाही. दवाखान्यात ते सलाइन लावतात, साखर बघतात, गरज पडली तर लॅक्टुलोजचा एनिमा देतात. एनिमा घरी करत बसू नका.

एक कार्ड करून गाडीत आणि पट्ट्याच्या पिशवीत ठेवा: "लिव्हर शंट आहे", वजन, चालू औषधं, शेवटचा डोस, डॉक्टरांचा नंबर. रात्रीच्या इमर्जन्सीत ड्यूटीवर नवीन डॉक्टर असतात आणि तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

कार्डाच्या मागे आम्ही न चालणारी औषधं लिहिली. माणसांचं पॅरासिटामॉल आणि दुखण्याच्या गोळ्या तर कधीच नाहीत. स्टेरॉइड, गुंगीची काही औषधं, जंत-गोचिडांची औषधं, कुठलंही सप्लिमेंट, सगळं आधी विचारून. लिव्हरमध्ये मोडणारं औषध या कुत्र्यांच्या अंगात जास्त वेळ रेंगाळतं. गोचिडांच्या चघळायच्या काही गोळ्यांनी आकडी येऊ शकते, तर आकडीचा इतिहास असेल तर तो तिथे स्पष्ट सांगा.

सर्जरी की औषधावरच?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. लिव्हरबाहेरचा एकच जन्मजात शंट असेल, कुत्रं औषधांवर स्थिर झालं असेल आणि सर्जन या कामात मुरलेला असेल, तर सर्जरी. कारण औषधं फक्त अमोनिया आवरतात, चोरवाट तशीच राहते आणि लिव्हर उपाशीच. २०१४ मध्ये १२४ कुत्र्यांचा एक अभ्यास छापून आला, त्यात ९७ ची सर्जरी झाली होती आणि २७ फक्त औषधांवर. सर्जरीवाली स्पष्टपणे जास्त जगली आणि त्यांना त्रासही कमी होता. औषधवाल्यांच्या जगण्याचा मधला आकडा (म्हणजे निम्मी याहून जास्त जगली) ८३६ दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास. निदानाच्या वेळचं वय किती होतं याने फरक पडला नाही, म्हणून "आता मोठी झाली, उशीर झाला" असं कुणी म्हटलं तर लगेच मान डोलावू नका.

पण औषधावर ठेवणं म्हणजे हार नाही. काही कुत्री, विशेषतः ज्यांचा त्रास सौम्य आणि निदान उशिरा झालंय, पथ्यावर वर्षानुवर्षं छान राहतात. दुसरे आजार असतील, पोर्टल शीर फारच बारीक असेल, खर्च झेपत नसेल, तर ते पण खरंच कारण आहे, त्याची लाज नको.

सर्जनला हे विचाराच: वर्षाला असे किती शंट करता, कुठली पद्धत, रात्री आयसीयूत माणूस असतो का, आणि आकडी आली तर तुमचा प्लॅन काय. शेवटच्या प्रश्नाला जो गडबडतो त्याच्याकडे मी तरी नेणार नाही.

पद्धती दोन जास्त ऐकाल. अमेरॉइड रिंग, म्हणजे बाहेरून स्टीलची आणि आत केसिनची, तेच दुधातलं प्रोटीन, ते पाणी शोषून हळूहळू फुगतं आणि काही आठवड्यांत चोरवाट आवळली जाते. किंवा सेलोफेनची पट्टी, तिच्याभोवती व्रणासारखी घट्ट ऊती तयार होऊन शीर बंद होत जाते. हळूहळू कशाला, एकदम बांधून का टाकत नाहीत, हे मी पण विचारलं होतं. तर छोट्या लिव्हरला एवढं रक्त एकदम पेलत नाही, मागे आतड्यांत प्रेशर तुंबतं. बंधारा एकदम घातला तर पाणी मागे गावात शिरणारच, तसं. काहींना मात्र पेलतं, ते सर्जन ऑपरेशनच्या टेबलवर प्रेशर मोजून ठरवतो.

नसबंदी, मूत्राशयातले खडे हे त्याच भुलीत करता येईल का ते विचारून घ्या. आणि अशा कुत्र्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, सर्जरीने बरी झाली तरी. शंट बंद होतो, जीन्स त्याच राहतात.

सर्जरीनंतर

पहिले तीन-चार दिवस जोखमीचे, म्हणून दवाखान्यातच ठेवतात. दोन भीती: पोर्टल प्रेशर वाढणं आणि आकड्या. आकड्या अमोनिया नॉर्मल असतानाही येऊ शकतात आणि आल्या तर ते गंभीर असतं, म्हणून मघाशी तो प्रश्न विचारायला सांगितला. घरी आणल्यावर पोट ढोलासारखं फुगणं, पोटाला हात लावू न देणं, रक्ताचे जुलाब, हिरड्या पांढऱ्या, गळून जाणं, चेहऱ्याचे स्नायू फडफडणं, विचित्र घाबरल्यासारखं वागणं, यातलं काहीही दिसलं तर वहीत लिहीत बसू नका, निघा.

बाकी नेहमीचंच, गळ्यात कोन, उड्या बंद, सोफ्यावर चढणं बंद, शूला पट्टा लावूनच. पिंगी सहाव्या दिवशी सोफ्यावर चढलीच, मी दोन मिनिटं फोनवर होते. टाके ठीक होते, माझेच हातपाय गळाले.

सगळ्यात मोठी चूक लोक इथे करतात: सर्जरी झाली, आता काय, म्हणून औषधं आणि पथ्य बंद. अहो रिंग अजून आवळतेय, लिव्हर अजून छोटंच आहे. साधारण दोन-तीन महिने सगळं तसंच चालू, मग रक्त बघून एकेक कमी करतात. आमच्याकडे आधी अँटिबायोटिक गेलं, मग लॅक्टुलोज, आणि खाणं सगळ्यात शेवटी, तेही जुन्यात नवीन मिसळत मिसळत.

तीन आणि सहा महिन्यांनी परत बाइल अ‍ॅसिड. हा आकडा पूर्ण नॉर्मल येईलच असं नाही, थोडा वर राहिला तरी कुत्रं मजेत असेल, वजन वाढत असेल, युरिया-अल्ब्युमिन वर आले असतील, तर डॉक्टर सहसा तसंच सोडतात. मात्र जुनी लक्षणं परत आली तर रिंग नीट बंद झाली नाही किंवा नवीन वाटा फुटल्या, हे बघायला पुन्हा सीटी करावा लागतो. पिंगीचा जेवणानंतरचा आकडा आधी १६८ होता, सहा महिन्यांनी ३४, वजन ३.१ किलो. आता भिंतीच्या कोपऱ्यात जाते ते फक्त चेंडू अडकला तर.

आणखी एक काम राहतं, ते बहुतेक जण टाळतात. पिल्लू जिथून आणलं त्यांना कळवा, कारण हे यॉर्की-माल्टीजसारख्या जातींत घराण्यात चालतं आणि भावंडांच्या मालकांना काही पत्ता नसतो. भांडायला नको, रिपोर्टचा फोटो आणि दोन ओळी पुरतात. मी कळवलं तेव्हा समोरून "आमच्याकडे असं कधीच झालं नाही" असं उत्तर आलं आणि फोन कट. नऊ दिवसांनी त्यांचाच परत फोन, आवाज जरा खाली, "ती बाइल अ‍ॅसिडची टेस्ट म्हणालात ना, ती उपाशीपोटीच करायची ना हो?"